हरिसिंगची जात कुणी विचारली नाही

मेडोज टेलर नावाच्या इंग्रज अंमलदाराची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी १८३९ साली लंडनला छापली गेली. तिच्या प्रस्तावनेत आपलं हिंगोली आहे. नर्सीचा नामदेव नाही, औंढ्याचा नागनाथ नाही. छावणी आहे, छावणीचा बाजार आहे, आणि त्या बाजारातला एक इज्जतदार व्यापारी आहे. हरिसिंग त्याचं नाव. आपल्या भागातल्या पोरांना हे कुणी सांगत नाही म्हणून आधी हकीकत सांगतो, मग भांडतो.

टेलर निझामाच्या फौजेत नोकरीला होता. फौज निझामाच्या पैशाची, हुकूम इंग्रजाचा. हिंगोलीला तिचा तळ. टेलर लिहितो की हरिसिंगशी त्याचा स्वतःचा आणि इतर बऱ्याच जणांचा देण्याघेण्याचा व्यवहार होता. या हरिसिंगनं एकदा कॅप्टन रेनॉल्ड्सकडं मुंबईहून कापड आणायचा परवाना मागितला. मिळाला. भला माणूस, काहून नाही मिळणार? मुंबईहून माल येत होता खरा, पण तो हिंगोलीजवळच्या दुसऱ्याच व्यापाऱ्याचा, आणि हे हरिसिंगला पक्कं ठाऊक होतं. त्यानं तो व्यापारी, त्याची माणसं, बैल हाकणारे, सगळे वाटेत मारले. माल परवान्यावर छावणीत आणला आणि उघड विकला. पुढं तो पकडला गेल्यावर त्यानं स्वतः हसत हसत हे सांगितलं, तवा साहेबांना कळलं.

हा हरिसिंग या टापूतल्या ठगांचा म्होरक्या. छावणीच्या मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत, ऐन बाजारात माणसं मारली जायची आणि शिपायांच्या पहाऱ्यापासून जेमतेम पाचशे यार्डांवर पुरली जायची. जागा म्हणजे नदीला मिळणारा एक कोरडा ओहोळ. नदी आपली कयाधूच. माफीचे साक्षीदार एकेक ठिकाण थंडपणे दाखवत गेले, एकेका खड्ड्यातून कितीतरी प्रेतं निघाली. टेलर तिथं उभा होता. शेवटी साहेब लोकांना शिसारी आली आणि त्यांनी खोदणं सोडून दिलं.

आता माझा सवाल. हरिसिंग सापडला तवा ‘व्यापारी’ या जमातीवर कोणता कायदा झाला? बाजारपेठेतल्या कुठल्या दुकानदाराला रात्री चौकीवर हजेरी लागली? कोणत्या सावकाराच्या पोराला जन्मतः चोर म्हणून रजिस्टरात घातलं? उत्तर तुम्हाला मला दोघांना माहीत आहे. हरिसिंगचा गुन्हा हरिसिंगच्या नावावर राहिला. त्याच्या बापाच्या, आज्याच्या, बिरादरीच्या नावावर गेला नाही. गुन्हा जेव्हा पैसेवाल्याचा असतो तेव्हा तो माणसाचा असतो. गरिबाचा असला की जातीचा होतो. पूर्वग्रह म्हणतात तो ह्यालाच. पुस्तकी मंडळी त्याला गैरसमज म्हणतात, अज्ञान म्हणतात, जणू दोन व्याख्यानं दिली की निघून जाईल. मला ते पटत नाही. पूर्वग्रह हा तयार केलेला माल आहे. त्याला कारखाना लागतो, कारकून लागतो, गिऱ्हाईक लागतं. त्या कारखान्यात साहित्य नावाचा एक मोठा रेचा चालतो, म्हणून हा समीक्षेचा विषय आहे.

ठग नव्हतेच, ती सगळी गोऱ्यांची बनवाबनवी, असं काही जण म्हणतात. मी म्हणत नाही. प्रेतं निघाली होती. १८१८ नंतर पेशव्यांच्या, शिंदे-होळकरांच्या फौजा मोडल्या, पेंढाऱ्यांचा बंदोबस्त झाला, हजारो हत्यारबंद माणसं रस्त्यावर आली. वाटमारी वाढणार नाही तर काय होईल? पण ते ठग कोण होते हे बघा. स्लीमन नावाच्या ज्या अंमलदारानं ठगांचा नायनाट केला म्हणून त्याचे गोडवे गातात, त्याच्याच कागदात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, आणि त्याचा सगळ्यात गाजलेला माफीचा साक्षीदार फिरंगिया हा ब्राह्मण होता. जमादार ब्राह्मण! म्हणून ब्राह्मणांवर ‘गुन्हेगार जमात’ असा शिक्का बसला का? बसणार कसा? ठप्पा ज्याच्या हातात असतो तो स्वतःच्या कपाळावर मारून घेत नाही.

कपाळावरून आठवलं. त्या काळात सागर-नर्मदा मुलखात शिक्षा झालेल्या ठगांच्या कपाळावर गोंदायची रीत होती. ‘ठग’ म्हणून. ती पुढं १८४९ साली बंद झाली. गोंदण बंद झालं, पण तोवर नवी शाई सापडली होती. ती कायद्याची शाई.

१८३६ चा ठगीचा कायदा काय सांगतो? अमक्यानं तमक्याला मारलं हे सिद्ध करायची गरज नाही. माणूस ठगांच्या टोळीतला होता एवढं ठरलं की बास, जन्मभर सक्तमजुरी. कंपनीच्या मुलखात असो की बाहेर. म्हणजे निझामाचं हिंगोलीही त्यात आलं. आणि टोळीतला होता हे सांगणार कोण? माफीचा साक्षीदार. म्हणजे ज्याला स्वतःची मान फासातून सोडवायचीय तो. त्यानं जेवढी नावं जास्त घेतली तेवढी त्याची किंमत वाढली. मग जबलपूरला त्यांची वस्ती केली, तंबू आणि गालिचे विणायला लावले, पोरांनाही तिथंच ठेवलं. विचार असा, की ठगाचं पोर ठगच होणार. हरिसिंगच्या गुन्ह्यापासून आपण इथपर्यंत आलो. आधी कृत्य, मग टोळी, आता रक्त.

टेलरची कादंबरी ह्याच जागी उभी आहे. अमीर अली नावाचा ठग साहेबाला आपली सगळी कहाणी सांगतो, साहेब ऐकतो, मधून मधून शहारतो. तीन खंडांचं पुस्तक. विलायतेत त्यावर उड्या पडल्या. राणी व्हिक्टोरियानं छापखान्यातून पानं तयार होतील तशी मागवून वाचली, असं सांगतात. कादंबरी बेकार आहे का? नाही. अमीर अली तोंडावर माशी न हलवता बोलतो, त्यात लिहिणाऱ्याची ताकद आहे. तो अमीर अली देखणा, बोलका, चांगल्या कपड्यातला, प्रतिष्ठित माणूस म्हणून वावरणारा आहे. म्हणजे टेलरला सत्य माहीत होतं. त्यानं हिंगोलीत ते डोळ्यानं बघितलं होतं. फसवणारा हा फाटक्या कपड्यात नसतो, परवाना घेऊन येतो, हे त्याच्याच पानांवर आहे.

मग माझं भांडण कशाशी? घाटाशी. कादंबरीचा घाट कबुलीजबाबाचा आहे. दोनच माणसं: एक गुन्हेगार, एक साहेब. मेलेले बोलत नाहीत, गावातले बोलत नाहीत, फौजा मोडल्यावर उपाशी पडलेले बोलत नाहीत. वाचक कुठं बसतो? साहेबाच्या खुर्चीत. पुस्तक हातात घेतलं की तुमच्या डोक्यावर आपोआप हॅट येते. समोरचा माणूस जे सांगेल ते थरारक, आणि जेवढं थरारक तेवढं खरं. कबुलीला पुरावा लागत नाही, कबुली हाच पुरावा. आणि अशी एक कबुली वाचली की वाचक रस्त्यावरच्या प्रत्येक अनोळखी फिरस्त्याकडं त्याच नजरेनं बघतो. दुकानात बसलेल्याकडं बघत नाही. तो तर ओळखीचा!

ह्या घाटाची गोष्ट लक्षात ठेवा. पुढं आपल्याच पुस्तकांपाशी ती परत लागणार आहे.

१८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला. त्यामागचा विचार साहेबांनी असा मांडला: हिंदुस्थानात सुताराचा पोर सुतार होतो, विणकराचा विणकर, तर मग गुन्हा हाही कुणाचा तरी वंशपरंपरेचा धंदा असणारच. बघा, हे काय विलायतेहून आणलं? हे तर मनूचं. साहेबानं आपल्या पंडिताकडनं जात शिकून घेतली आणि तिला कायद्याचा बूट घातला. सरकारनं एखादी जमात गुन्हेगार जाहीर केली की कोर्टात त्याविरुद्ध ब्र काढायची सोय नाही. नाव रजिस्टरात, हजेरी चौकीवर, गाव सोडायचं तर पास. १८९७ च्या दुरुस्तीनं पोरं आईबापांपासून तोडून वेगळ्या वसाहतीत टाकायची मुभा दिली, चार वर्षांच्या लेकरापासून पुढं. १९११ साली कायदा सगळ्या ब्रिटिश मुलखात लागू करायची सोय झाली, मुंबई इलाखा धरून.

कोण सापडलं ह्यात? ज्यांच्या पायाखालचा धंदा गेला ते. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव ह्या भागातले तांडे बघा. बंजारा म्हणजे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहणारा. अख्ख्या फौजांना त्यानं रसद पुरवली. आगगाडी आली, पक्की सडक आली, बैल रिकामे झाले. ज्याच्यावाचून राज्याचं पोट चालत नव्हतं तो पन्नास वर्षांत संशयित झाला. त्यानं चोरी शिकली म्हणून नाही, त्याचं फिरणं आता कुणाच्या उपयोगाचं राहिलं नाही म्हणून. सरकारला एका जागी बसलेला माणूस पाहिजे. शेतसारा त्याच्याकडनं घेता येतो, मजुरी त्याच्याकडनं घेता येते.

मजुरीवरून सोलापूर आठवतं. तिथं कैकाडी, भामटे, पारधी यांना तारेच्या कुंपणाआड ठेवलं. तिथल्या लोकांना सोलापूरच्या कापड गिरण्यांत कामाला लावलं. पळून जायची सोय नाही, संप करायची तर नाहीच. असा मजूर कुठल्या मालकाला नको असतो? मी स्वतः जिनिंगमध्ये प्रेसवर असतो म्हणून मला हे वाचताना अंगावर काटा आला. रुई कुठल्याही शेतातली असू द्या, लांब धाग्याची असू द्या नाहीतर आखूड, एकदा प्रेसखाली दाबली की चौकोनी गाठ होते, वर नंबर पडतो. नंतर कुणी शेत विचारत नाही. माणसांचंही तेच केलं. त्या जागेला सोलापुरात लोक अजून सेटलमेंट म्हणतात.

आता कुणी म्हणेल, हे भटक्यांचं झालं, आपला काय संबंध. संबंध आहे. त्याच साहेबांनी त्याच काळात दुसरा शिक्का बनवला, लढाऊ जमात आणि बिनलढाऊ जमात. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावात ज्यांनी रक्त सांडलं, ज्यांची ‘नाक’ लावलेली नावं तिथल्या स्तंभावर कोरली, त्यांच्याच नातवंडांना १८९० च्या दशकात सांगितलं की तुम्ही लढाऊ नाही, पलटणीत घेणार नाही. पंचाहत्तर वर्षांत रक्त बदललं का? बदलली ती साहेबाची गरज. सवर्ण शिपाई शेजारी अस्पृश्य नको म्हणत होता, त्याची मर्जी राखायची होती. मग विज्ञान हजर! गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज लिहिला, शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० साली थेट विलायतेतल्या भारतमंत्र्यापर्यंत मागणी नेली. महार रेजिमेंट उभी राहिली १९४१ साली, लढाईला माणसं कमी पडायला लागली तवा. एकाला जन्मजात चोर, दुसऱ्याला जन्मजात भित्रा. दोन्ही शिक्के एकाच टेबलावरचे.

त्या टेबलावर नाक मोजायचं यंत्रही होतं. रिस्ले नावाचा साहेब लोकांची नाकं मोजत फिरला आणि म्हणाला, नाक जेवढं बसकं तेवढी जात खालची, कारण वंश वेगळा. १९०१ च्या खानेसुमारीचा तो मुख्य होता, म्हणजे हे कुणा चक्रमाचं खूळ नव्हतं, सरकारी धोरण होतं. बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये काय केलं? नाकांच्या मोजमापाचे असले आकडे पुढ्यात घेतले आणि दाखवून दिलं की ब्राह्मणाच्या आणि अस्पृश्याच्या नाकात वंश वेगळा ठरवण्यासारखा फरकच नाही. म्हणजे अस्पृश्यतेचं मूळ वंशात नाही. शत्रूच्याच काट्यावर शत्रूचं माप काढणं म्हणतात ते हे. आपल्यातले काही दोस्त अजूनही भाषणात ‘आपला वंश वेगळा, त्यांचा वेगळा’ असं ठोकून देतात. टाळ्या पडतात. त्यांनी ते प्रकरण एकदा बसून वाचावं.

१९१५ हे साल घ्या. त्या साली अमेरिकेत ग्रिफिथचा ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ हा सिनेमा आला. गोऱ्या नटांनी तोंडाला काळं फासून काळा माणूस रंगवला: आळशी, रानटी, गोऱ्या बाईवर टपलेला. सिनेमा म्हणून नवीन तंत्र, लोक थक्क. आणि त्याच साली ती कू क्लक्स क्लान नावाची काळ्यांना जाळणारी टोळी पुन्हा उभी राहिली. त्याच १९१५ साली मराठीत त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गाव-गाडा’ आला. दोन्हीची मी बरोबरी करत नाही. ‘गाव-गाडा’ मोलाचं पुस्तक आहे. बलुतेदारांचं येणं-देणं, गावाचा सगळा हिशोब त्याच्यासारखा दुसऱ्या कुणी मांडला नाही. पण आत्रे मुलकी खात्यातले अधिकारी. त्याच्या आधी त्यांनी ‘गुन्हेगार जाती’ नावाचं पुस्तकच लिहिलेलं. मुंबई इलाख्याच्या पोलीस खात्यातले केनेडीसाहेब अशाच जातींची जंत्री छापत होते तो हाच काळ. त्यामुळं ‘गाव-गाड्या’त फिरस्त्यांचं प्रकरण येतं तवा लेखकाच्या अंगात कोतवाल येतो. फिरस्ता म्हणजे कुणब्याच्या डोक्यावरचा बोजा, मागतकरी, उचलेगिरी करणारा. तो कुठून आला, त्याचा बैल कुणी रिकामा केला, रान कुणी बंद केलं, हा हिशोब गाड्यात बसत नाही. एवढा बारीक हिशोबी माणूस, एवढीच एक वही त्यानं काहून उघडली नाही? आणि मराठीतले टीकाकार शंभर वर्षं त्या ग्रंथाची आरती करतात, पण हे पान उलटताना बोटाला थुंकी जरा जास्तच लावतात.

कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. म्हणून तो दिवस विमुक्त दिन. पण १९५९ ला मुंबई राज्यानं सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. जमात गेली, सराईत आला. पोलिसाला सराईत कोण हे कसं कळतं? जुन्या रजिस्टरातनं.

आणि रजिस्टर हरवलं तरी भाषा आहेच की. विमुक्त जातींच्या सरकारी यादीत भामटा ही जमात आहे, बेरड ही जमात आहे. आता उद्याचं वर्तमानपत्र उघडा. ‘भामट्यानं महिलेचे दागिने लांबवले.’ बँकेतल्या फसवणुकीची बातमी असली, तरी मथळ्यात भामटा. फोनवरून पैसे उडवणारा कुणी शिकलेला इंजिनियर असला, तरी ‘ऑनलाइन भामटा’. निगरगट्ट माणसाला आपण बेरड म्हणतो, शाळेत गुरुजी म्हणतात, आई म्हणते. त्या वर्गात बेरडाचं पोर बसलेलं असेल तर त्यानं कुठं बघावं? भीमराव गस्तींनी आपल्या आत्मकथनाला ‘बेरड’ हेच नाव दिलं, त्यामागं काय जळत असेल ते त्या शिवीकडं बघितल्याशिवाय कळत नाही. आता सांगा, हरिसिंगच्या धंद्यावरून मराठीत एखादी शिवी पडली का? ‘सावकार’ हा शब्द आजही बाजारात रामराम घालायला वापरतात.

एका जिनिंगमधली गोष्ट सांगतो, नाव सांगत नाही. हंगामात मोटारीची तांब्याची वायर गेली. वॉचमननं कुणाला काही विचारलं नाही, मुकादमानं विचारलं नाही. सरळ सडकेपल्याडच्या पालावर गेले. पारध्याची दोन पोरं रात्रभर बसवून ठेवली. वायर काही पालात सापडली नाही. त्याच गेटावर काट्यापाशी शेतकऱ्याच्या कापसातून क्विंटलमागं कडता जातो, ओल आहे, कचरा आहे म्हणून भाव पडतो, तो सगळा हिशोब केला तर असल्या किती वायरी होतील? पण काट्याची झडती कोण घेणार? ओहोळात प्रेतं पुरणाऱ्याला परवाना होता, ह्यांना तर लायसन आहे.

आता आपल्या पुस्तकांकडं येतो. अण्णाभाऊ साठ्यांचा ‘फकिरा’ १९५९ चा, बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेला. त्यात मांगांची हजेरी आहे, भूक आहे, लुटलेला खजिना आहे. तिथं फकिरा साहेबापुढं कबुली देत बसलेला नाही. उलट सवाल साहेबालाच आहे: माणसं उपाशी मरत असताना धान्य कुलपात ठेवणारा कोण? म्हणजे अण्णाभाऊंनी टेलरचा घाटच उलटा केला. कबुलीची फिर्याद केली. एवढा मोठा बदल मराठी समीक्षेला दिसला नाही. तिला फकिरात अद्‌भुतरम्यता दिसली, अतिरंजन दिसलं. गोऱ्याचा ठग थरारक असला तर ती कला, आणि मांगाचा नायक उंच झाला तर ते अतिरंजन?

लक्ष्मण माने यांचा ‘उपरा’ १९८० चा, लक्ष्मण गायकवाडांचा ‘उचल्या’ १९८७ चा. दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमीचं पारितोषिक मिळालं. गायकवाड लातूरच्या सूतगिरणीत कामगार होते, म्हणून मला ते जरा जास्त जवळचे. ‘उचल्या’त चोरी आहे, लपवलेली नाही. पोरांना ती कशी शिकवतात तेही आहे. पण त्याच पानांवर पोलीस आहे, जो मारतोही आणि चोरीतला वाटाही घेतो. दुसरं काम मागायला गेलं तर जात विचारून हाकलणारा समाज आहे. हे पुस्तक म्हणजे आरोपपत्र आहे, आणि आरोपी पुस्तकाबाहेर बसून पुस्तक वाचतोय.

आणि तो वाचतो कसं? मी पुण्या-मुंबईच्या वाचकांची बोलणी ऐकलीत. ‘बाप रे, काय ते आयुष्य!’ ‘ब्लेडनं खिसा कसा कापतात ते काय बारकाईनं लिहिलंय!’ ‘किती प्रामाणिक!’ हा ‘प्रामाणिक’ शब्द ऐका नीट. प्रामाणिक कबुलीला म्हणतात. फिर्यादीला कुणी प्रामाणिक म्हणत नाही, फिर्याद खरी असते नाहीतर खोटी असते, आणि खरी असली तर कुणाला तरी शिक्षा होते. प्रामाणिक म्हटलं की शिक्षा टळली, वर डोळ्यात पाणी आणल्याचं पुण्य. आपल्या आत्मकथनांचं हेच झालंय दोस्तहो. आपले लोक फिर्याद लिहितात आणि पांढरपेशा वाचक ती कबुली म्हणून वाचतो. हॅट तीच, फक्त डोकं देशी. म्हणून समीक्षकाचं पहिलं काम शैली-प्रतिमा मोजायचं नाही. वाचक कुणाच्या खुर्चीत बसलाय ते बघायचं, आणि त्याला उठवायचं.

दुसरं काम आपल्या वस्तीत आहे, आणि ते अवघड. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं लोकांनी ठेचून मारली. मंगळवेढ्याकडची भिक्षेकरी माणसं. पोरं पळवणारी टोळी आली, अशी अफवा मोबाईलवर फिरत होती. ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडून मारलं. मारणारे कुणी जहागीरदार नव्हते. साधी, कष्ट करणारी माणसं. १८३६ सालच्या कायद्याला निदान एक माफीचा साक्षीदार लागत होता. इथं तोही लागला नाही. अनोळखी चेहरा, फिरस्त्याचा वेष, संपलं. टेलरच्या वाचकाच्या डोक्यात जी भीती भरली ती फिरत फिरत पाड्यावर पोचली, आणि पाड्यावरच्या गरिबानं गरिबालाच धरलं. आपल्या वस्त्यांत ती नाही असं समजू नका. पाल पडलं की ‘दारं लावून घ्या’ म्हणणाऱ्या बाया विहारात वंदनेला पहिल्या रांगेत असतात. भाऊ, दादा म्हणून चळवळीत फिरणारे कार्यकर्ते पारध्याचं नाव घेताना आवाज कसा बदलतात तेही ऐका.

बाबासाहेबांनी ‘द अनटचेबल्स’च्या प्रस्तावनेत तीन समूह एका दमात मांडलेत: गुन्हेगार ठरवलेल्या जमाती सुमारे दोन कोटी, आदिम जमाती दीड कोटी, अस्पृश्य पाच कोटी. आणि सवाल केला की माणसांची अशी दशा करणाऱ्या संस्कृतीला संस्कृती म्हणायचं कसं. १९२८ च्या स्टार्ट समितीवर ते होते, आणि स्टार्ट हा मुंबई इलाख्यातल्या ह्याच सेटलमेंटांचा अधिकारी. त्यांना ह्या प्रश्नाची आतून माहिती होती. जयंतीला आपण त्या तिनातला एक आकडा घेऊन मिरवतो.

३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. तुरुंगाच्या नियमपुस्तकांतून जातीवर काम वाटून द्यायचे नियम घटनाबाह्य ठरवले, सराईत गुन्हेगाराच्या व्याख्येत विमुक्त जमातींना ओढणाऱ्या तरतुदी काढायला लावल्या, कैद्यांच्या रजिस्टरातला जातीचा रकाना पुसायला सांगितलं. १९५२ पासून मोजा, किती वर्षं झाली. तेवढी वर्षं घटना भिंतीबाहेर आणि मनू भिंतीच्या आत. निकाल चांगला आहे. पण वर्तमानपत्राच्या मथळ्याला नियमपुस्तक नसतं, आणि वॉचमनच्या डोक्याला रकाना नसतो.

तर पुढच्या अंकासाठी एक काम. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा, ज्याला जिथलं जमेल त्यानं तिथल्या चोरी-फसवणुकीच्या बातम्यांची कात्रणं जमवावीत, तीन महिन्यांची. आरोपीची जात कोणत्या बातमीत लिहिली आणि कोणत्या बातमीत गाळली, एवढंच मांडायचं. ‘भामटा’ शब्द कितीदा आला तो वेगळा मोजायचा. मार्केट यार्डातल्या काट्याच्या तक्रारी कुठल्या पानावर छापतात, छापतात का, तेही बघायचं. माझा जिनिंगचा हंगाम होळीच्या आसपास संपतो. त्याच्या आत कात्रणं पोचवा, मी बसून लावतो.